खुर्ची टिकत नाही म्हणून झाडू हाती देणार का?

गेल्या वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन आटोपून मी बाहेर पडत होतो. पायऱ्यांपाशी वस्तीतले एक ओळखीचे गृहस्थ थांबले होते. महापालिकेत सफाई कामगार म्हणून त्यांची तेहतीस वर्षे झालेली. "जयभीम सर, दोन मिनिटं आहेत का?" असे म्हणून त्यांनी मला बाजूला घेतले आणि एका दमात सारे सांगून टाकले. मुलगा बी.कॉम. झाला. चार वर्षांत पाच नोकऱ्या झाल्या, एकही टिकली नाही. एका हिशेबनिसाच्या कार्यालयात नोंदी चुकल्या म्हणून काढले. मॉलमध्ये उशिरा येतो म्हणून काढले. कर्जवसुलीच्या कार्यालयातून तो स्वतःच भांडून निघाला. "आता भाऊबंद म्हणतात, तुमची रिटायरमेंट जवळ आली, पोराला तुमच्या जागेवर लावून टाका. सर, मी तेहतीस वर्षं गटारं उपसली ती पोराच्या हातात पुन्हा झाडू द्यायला का?"

लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते, हे आपल्या वस्त्यांतून सर्वांना ठाऊक आहे. या तरतुदीने हजारो चुली पेटत्या ठेवल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. झाडू धरणाऱ्या हाताला कमी लेखण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न वेगळाच आहे. एखादा मुलगा टेबलाच्या कामात टिकत नाही असे दिसताच त्याला 'शोभणारे' काम म्हणून समाजाला बापाचेच काम का आठवते? वाण्याच्या मुलाचे गणित कच्चे निघाले तर त्याला कोणी गटारात उतरवत नाही!

आळस की आणखी काही?

दुसऱ्या रविवारी मी त्या मुलाशी बोललो. मुलगा हुशार. बोलताना पाय सतत हलत होता. मध्येच विषय सुटायचा, मग स्वतःच ओशाळून परत यायचा. म्हणाला, "सर, काम येत नाही असं नाही. सुरूच होत नाही. टेबलावर कागद समोर असतो, मी बघत असतो, तास निघून जातो. मग साहेब ओरडला की दहा मिनिटांत करतो, आणि घाईत चुकतो." त्याने शाळेची जुनी प्रगतिपुस्तके दाखवली. तिसरीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गशिक्षकाने एकच शेरा मारला होता : हुशार आहे, पण लक्ष देत नाही. आठ वर्षांचे हे शेरे म्हणजे आजाराची लेखी नोंदच होती. ती कोणी वाचलीच नाही.

मी त्याला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायला सांगितले. तीन-चार भेटींनंतर डॉक्टरांनी निदान केले : एडीएचडी. मराठीत याला अवधान-अभाव व अतिचंचलता असे म्हणतात. हा लहान मुलांचा आजार, मोठेपणी आपोआप जातो, अशी समजूत पुष्कळ वर्षे डॉक्टरांमध्येही होती. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात अवधान-अभाव या नावाने त्याची नोंद झाली आणि १९८७ साली त्याला आजचे नाव मिळाले. त्याच ग्रंथाच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीने प्रौढांसाठी निकष थोडे सैल केले. मुलांमध्ये नऊपैकी सहा लक्षणे लागतात, सतरा वर्षांपुढे पाच पुरतात. मात्र लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात आणि ती घर, शाळा, कामाची जागा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात.

म्हणजे काल मोबाईल घेतला आणि आज लक्ष लागेना, तर तो एडीएचडी नव्हे. झोप अपुरी असेल, थायरॉइड बिघडले असेल, नैराश्य असेल, दारूचे व्यसन असेल, तरीही माणूस असाच दिसतो. आणखी एक कारण आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ज्या कार्यालयात रोज आडनावावरून टोमणे ऐकावे लागतात, पाण्याच्या माठापाशी गेले की कुजबुज सुरू होते, तिथे कोणाचे लक्ष कामात लागेल? अशा वेळी माणसाला नव्हे, त्या कार्यालयाला आजार असतो. म्हणूनच निदान डॉक्टरांनीच करावे. शेजाऱ्याने करू नये आणि प्रस्तुत लेखकासारख्यानेही करू नये.

या आजारात लक्ष नसते, असे म्हणणेही चूक आहे. लक्ष असते, पण ते हुकमी नसते. आवडीचे, निकडीचे, नवे काम समोर आले तर हीच माणसे रात्र रात्र उठत नाहीत. कंटाळवाणे, लांबलचक, आज केले काय अन् पुढच्या महिन्यात केले काय अशा स्वरूपाचे काम आले की त्यांचा मेंदू जागचा हलत नाही. हा इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे स्पष्ट झालेले आहे. आईबापांचे संस्कार कमी पडले, लाड झाले, ही बोलणी म्हणून निरर्थक ठरतात.

याची किंमत किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १० देशांत १८ ते ४४ वयाच्या कामकरी स्त्री-पुरुषांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ३.५ टक्के लोकांत हा विकार आढळला आणि अशा माणसांचे इतरांपेक्षा वर्षाला सुमारे २२ दिवसांचे काम बुडत होते. त्या १० देशांत भारत नव्हता. पण ज्याच्या घरात एकच पगार येतो, त्याला २२ दिवसांचा अर्थ आकडेवारीशिवायही कळतो.

काम बदलले की तोच माणूस बदलतो

त्या मुलाबद्दल मला आणखी एक गोष्ट आठवली. दरवर्षी १४ एप्रिलच्या आदल्या रात्री वस्तीतली रोषणाई आणि ध्वनिक्षेपक लावणारा हाच पोरगा. रात्री दोन वाजता वीज गेली तर कोणती वायर कुठे सैल झाली, हे तो चढून शोधून काढतो. दहा माणसे दहा दिशांनी ओरडत असताना हा शांत असतो. टेबलाशी तासभर न बसणारा मुलगा खांबापाशी आठ तास उभा राहतो! मग हा आळशी कसा?

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कामाला बरे-वाईट रूप असते आणि ते माणसागणिक बदलते. ज्या कामाचा परिणाम लगेच दिसतो, ज्यात हातपाय हलतात, ज्याला जवळची मुदत असते, ज्यात माणसे भेटतात आणि रोज थोडे नवे घडते, अशा कामात ही माणसे टिकतात. तातडीच्या विभागातली परिचारिका, रुग्णवाहिकेवरचा सहायक, वायरमन, यंत्रदुरुस्ती करणारा तंत्रज्ञ, छायाचित्रकार, बातमीदार, खानावळीतला आचारी, खेळाचा शिक्षक, क्षेत्रावर फिरणारा सामाजिक कार्यकर्ता ही त्याची उदाहरणे. उलट महिनोन्‌महिने एकाच तक्त्यात आकडे भरणे, एकट्याने फाइली लावणे, मुदत नसलेला अहवाल लिहिणे ही कामे त्यांना जड जातात. अर्थात ही काही पक्की यादी नव्हे. आवड असेल तर हाच आजार असलेला माणूस दिवसभर संगणकाची आज्ञावली लिहीत बसतो.

केनियातील अरियाल जमातीवर २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या जमातीतले काही लोक अजून गुरे घेऊन भटकत होते, तर काही गावात स्थायिक झाले होते. एडीएचडीशी ज्याचा काहीसा संबंध मानला जातो, अशा एका जनुकाचा विशिष्ट प्रकार ज्या पुरुषांत होता, ते भटक्या जीवनात इतरांपेक्षा अंगापिंडाने अधिक पोसलेले आढळले. तोच जनुकप्रकार असलेले स्थायिक पुरुष मात्र इतरांपेक्षा अशक्त निघाले. गुण तोच, जगणे बदलले की त्याचा फायद्याचा तोटा झाला.

इथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. या अभ्यासावरून कोणी उद्या असे म्हणेल की, भटक्या जमातींच्या रक्तातच भटकणे आहे, त्यांना वर्गात कशाला बसवता? असे म्हणणारा विज्ञान सांगत नसून मनुस्मृतीच सांगत असतो. त्या एकाच जमातीत हा जनुकप्रकार असलेले आणि नसलेले, असे दोन्ही पुरुष होते, हे विसरू नये. स्वभाव हा व्यक्तीचा असतो, जातीचा नसतो. 'जातिनिर्मूलन' या १९३६ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमका हाच घाव घातला आहे. जातिव्यवस्था माणसाचे काम त्याची नैसर्गिक कुवत आणि आवड पाहून ठरवत नाही, आईबापांचा दर्जा पाहून ठरवते. परिणामी माणसाचे मन कामात नसते आणि काम माणसाला फुलवत नाही, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. तेव्हा स्वभावाला मानवेल असे काम शोधणे ही काही पोटभरल्यांची चैन नव्हे. जातीने जे नाकारले ते मिळवण्याचाच तो भाग आहे.

श्रीमंताची प्रतिभा, गरिबाचा आळस

या विषयावरचे लेखन वाचले की काही नावे हमखास येतात. जेटब्लू विमान कंपनीचे संस्थापक डेव्हिड नीलमन यांनी आपल्याला एडीएचडी असल्याचे उघडपणे सांगितले आहे. अमेरिकेची कृष्णवर्णीय जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकली. त्यानंतर हॅकरांनी तिची वैद्यकीय कागदपत्रे चोरून उघड केली, तेव्हा लहानपणापासून आपल्याला हा विकार आहे, आपण औषध घेतो आणि यात लाज वाटण्यासारखे काही नाही, असे तिने जगाला ठणकावून सांगितले. तिचा हा बाणा आपल्या मुलींनी जरूर घ्यावा.

परंतु या उदाहरणांवरून 'नोकरी सोड, स्वतःचा धंदा टाक' असा सल्ला आपल्या पोरांना देणे धोक्याचे आहे. कंपनीच्या मालकाच्या हाताखाली हिशेब ठेवणारी, तारखा सांभाळणारी माणसे असतात. तो विसरला तरी कंपनी विसरत नाही. आपला मुलगा कर्ज काढून दुकान टाकतो. हप्त्याची तारीख तोच विसरतो, जीएसटीचे विवरणपत्र त्याच्याकडूनच राहते आणि दंडही त्यालाच बसतो. ज्या कागदी कामाला कंटाळून नोकरी सोडली, तेच काम धंद्यात दुप्पट होऊन समोर येते. श्रीमंताच्या चंचलतेला प्रतिभा म्हणायचे आणि गरिबाच्या चंचलतेला आळस, हा जुना न्याय इथेही लागू आहे. धंदा करायचाच असेल तर वह्या सांभाळणारा विश्वासू जोडीदार आधी शोधावा, गिऱ्हाईक मागाहून.

मोटारसायकलवरून घरपोच सामान पोहोचवण्याचे कामही अशा तरुणांना सुरुवातीला फार मानवते. फिरणे आहे, दर वीस मिनिटांनी एक काम संपते, डोक्यावर साहेब नाही. पण तिथे रजा नाही, निवृत्तिवेतन नाही, पाय मोडला तर पगार नाही. शिवाय एडीएचडी असलेल्यांमध्ये वाहन-अपघातांचा धोका अधिक असतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. काम नुसते मनाला मानवून भागत नाही, ते म्हातारपणालाही मानवले पाहिजे.

मग काम शोधायचे कसे?

पहिली गोष्ट, रागाच्या भरात राजीनामा देऊ नये. दुसरी मिळाल्याशिवाय पहिली सोडू नये, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला इथे सोळा आणे खरा आहे. एडीएचडीमध्ये तडकाफडकी निर्णय घेण्याची ओढ असते. म्हणून राजीनाम्याचा कागद आठवडाभर आईजवळ ठेवावा.

दुसरी गोष्ट, वही घेऊन आजवरच्या प्रत्येक कामाचा हिशेब मांडावा. कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळले नाही? नेमके कुठे चुकलो? उशीर झाला, नोंद राहिली की भांडण झाले? पाच नोकऱ्यांची पाच पाने लिहिली की दोष 'माझ्यात' असे न दिसता अमुक प्रकारच्या कामात दिसू लागतो. आमच्या या मुलाच्या पाचही पानांवर एकच गोष्ट निघाली. पाचही ठिकाणी बसून नोंदी ठेवण्याचे काम होते.

तिसरी गोष्ट, खुर्ची सोडण्याआधी खुर्चीची जागा बदलता येते का ते पाहावे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या संघर्षातून मिळालेली सरकारी नोकरी कोणीही हलक्या मनाने सोडू नये. एकाच खात्यात टेबलाचे काम असते तसेच फिरतीचेही असते. नोंदवहीवरून तपासणीवर, आवक-जावकवरून लोकांच्या खिडकीवर बदली मागता येते. हुद्दा तोच राहतो, पगार तोच राहतो, माणूस मात्र सुटतो.

चौथी गोष्ट, काम बदलता येत नसेल तर कामाची रीत बदलावी. तोंडी सूचना लिहून घ्यावी. मोठ्या कामाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याला घड्याळ लावावे. दारापासून, टीव्हीपासून दूर बसावे. किल्ली, पाकीट, ओळखपत्र यांना घरात एकच खुंटी ठरवावी. आणि एकट्याने न बसता कोणाच्या तरी सोबतीने बसावे. शेजारी दुसरा माणूस आपले काम करत असला की या विकारातल्या पुष्कळ जणांचे काम सुरू होते, असा त्यांचा अनुभव आहे. आपल्या विहारांतल्या अभ्यासिका वर्षानुवर्षे हेच करत आल्या आहेत. घरात पुस्तक न उघडणारा मुलगा अभ्यासिकेत चार तास बसतो, तो काही पंख्यासाठी नव्हे.

पाचवी गोष्ट, नवे काम आधी करून पाहावे. आयटीआयचे अभ्यासक्रम आहेत, १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवारी आहे. पदवी झाल्यावर आयटीआयला जाणे म्हणजे मागे जाणे नव्हे. हातात कौशल्य असलेला माणूस कोणाच्या दयेवर जगत नाही.

आणि औषध? ते नोकरी शोधून देत नाही, पण पुष्कळांना शोधण्याइतके स्थिर करते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे, मनाने सुरू किंवा बंद करू नये. खाजगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली, तिचा क्रमांक १४४१६. मनोरुग्णालय म्हटले की लोक हसतात. हसू द्यावे. हसणारे आपला हप्ता भरायला येणार नाहीत.

साहेबाला सांगावे का?

हा प्रश्न अवघड आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारांचे अपंगत्व मान्य केले आहे. स्वमग्नता त्यात आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहे, पण एडीएचडीचे स्वतंत्र नाव त्यात नाही. त्यामुळे केवळ या निदानावर त्या कायद्याखालील नोकरीतले आरक्षण मिळत नाही. मागासवर्गीय कर्मचाऱ्याची अडचण तर दुहेरी आहे. 'कोट्यातून आला' हे शेपूट आधीच जोडलेले असते, त्यात 'डोक्याचाही आजार' हे दुसरे जोडायला अनेक जण टपलेले असतात. म्हणून माझे मत असे की, वरिष्ठ विश्वासाचा असेल तरच निदान सांगावे, नसेल तर आजाराचे नाव न घेता सोय मागावी. "साहेब, सूचना लेखी मिळाली तर चूक होणार नाही," एवढे म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.

पण व्यक्तीने किती काळ शहाणपणाने लपूनछपून जगायचे? व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी कायदादुरुस्ती पुढे नेली आणि १९४६ साली ती झाली. माणसाने यंत्राच्या चालीने झिजावे हे त्यांनी मान्य केले नाही. कामाने माणसाला मानवले पाहिजे, हा विचार आपल्या कर्मचारी संघटनांनी पुढे न्यायला नको का? बढती, बिंदुनामावली, बदल्या यांवर त्या हिरिरीने लढतात. मानसिक आरोग्याचा आणि कामाच्या सोयींचा एक मुद्दा त्यांच्या मागणीपत्रात यायला काय हरकत आहे?

घरातली बाई, चळवळीतला कार्यकर्ता

दोन माणसे या चर्चेतून नेहमी सुटतात. पहिली घरातली बाई. मुलींमध्ये पुष्कळदा चंचलता बाहेर दिसत नाही, त्या नुसत्या हरवल्यासारख्या बसतात. म्हणून त्यांचे निदान राहून जाते. पुढे लग्न होते आणि मुदत नसलेले, कधीही न संपणारे, कोणी न मोजणारे घरकाम त्यांच्या गळ्यात पडते. या विकारासाठी याहून वाईट काम शोधून सापडणार नाही. दूध उतू गेले, गणवेश धुवायचा राहिला की 'हिला वळणच नाही' म्हणून ती बोलणी खाते. तिलाही वही लागते, डॉक्टर लागतो आणि घरकामात वाटा उचलणारा नवरा लागतो.

दुसरा आपल्या चळवळीतला कार्यकर्ता. मोर्चाची हाक आली की हा सर्वांच्या पुढे. रात्रभर फलक रंगवील, शंभर माणसे गोळा करील. पण पावतीपुस्तकाचा हिशेब महिनोन्‌महिने देणार नाही, आणि याचे घर बायकोच्या मजुरीवर चालते. असा प्रत्येक कार्यकर्ता एडीएचडीचा असतो असे मला अजिबात म्हणायचे नाही. पण त्याचा वेग आपण वापरतो आणि त्याच्या पोटाचे काय, हे विचारत नाही, एवढे तरी कबूल करू या. दोष द्यायला आपण तत्पर असतो. त्याच्या शेजारी हिशेबाला एक नेटका माणूस बसवायला मात्र आपल्याला सुचत नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. यंदा त्याने आयटीआयला वायरमनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. सारे मंगल झाले असे नाही. पहिल्या दोन महिन्यांत त्याने तीनदा पक्कड हरवली. विजेच्या कामात विसरणे जिवावर बेतते, म्हणून मुख्य स्विच बंद केल्याची खूण कागदावर केल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही, असा नियम त्याने स्वतःला घालून घेतला आहे. त्याचा महिन्याचा हिशेब धाकटी बहीण ठेवते. वारसाच्या जागेचा निर्णय वडिलांनी अजून राखून ठेवला आहे. घरचे पोट पाहता तेही मला चूक वाटत नाही.

परवा ते पुन्हा विहारात भेटले. म्हणाले, "सर, तो मोठा साहेब होणार नाही, हे कळलंय मला. पण परवा घरी आला अन् दोन तास बोलत होता, आज वर्गात काय केलं ते. पाच नोकऱ्या केल्या, एकदाही कामाबद्दल बोलला नव्हता."

आपल्या वस्तीत असा एखादा मुलगा, अशी एखादी सून नक्की असेल. तिला आळशी म्हणण्याआधी, त्याला बापाच्या जागेवर ढकलण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा : कोणत्या कामात तुझा वेळ कळत नाही? आजवर हा प्रश्न आपल्याला कोणी विचारला नाही. आपण तरी एकमेकांना विचारू या.